‘द लास्ट किंग ऑफ स्कॉटलंड’ : इदी अमीन आधी आवडायलाच हवा का?

वाघबीळ नाका (धागाकर्ता)

सिनेमा जुना आहे, २००६ चा. दिग्दर्शक केव्हिन मॅकडोनाल्ड. जाइल्स फोडेन यांच्या १९९८ च्या कादंबरीवरून केलेला. युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याच्या भूमिकेसाठी फॉरेस्ट व्हिटाकरला ऑस्कर मिळालं. घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीत महिन्यातून एकदा क्लबहाऊसमध्ये पडदा लावून सिनेमा दाखवतो, या वेळची निवड माझी होती. संपल्यावर चर्चा अशी पेटली की वॉचमन दिवे बंद करायला आला तरी लोक उठेनात. एका बाजूचं म्हणणं, ‘एवढ्या मोठ्या खुन्याला इतका लाघवी दाखवायची गरजच काय?’ मी दुसऱ्या बाजूला होतो आणि अजून आहे. म्हणून हा धागा. (पुढे कथानक उघड केलं आहे, सिनेमा बघायचा असेल तर आधी बघून या.)

निकोलस गॅरिगन हा नुकता डॉक्टर झालेला स्कॉटिश मुलगा. वडिलांच्याच दवाखान्यात जन्म जाणार या विचारानं तो कासावीस होतो, पृथ्वीगोल फिरवतो आणि बोट पडेल तिथे जायचं ठरवतो. पहिल्यांदा कॅनडा येतं. ते त्याला पसंत नाही, म्हणून पुन्हा फिरवतो, आणि युगांडा येतं. तिथल्या खेड्यात तो पोचतो तेव्हा अमीननं नुकतीच सत्ता घेतलेली असते. इतिहासातली तारीख २५ जानेवारी १९७१. राष्ट्राध्यक्ष मिल्टन ओबोटे राष्ट्रकुल परिषदेसाठी सिंगापूरला गेले होते, तेवढ्यात लष्करानं डाव साधला.

आता ते दोन प्रसंग, ज्यांच्यावर माझं सगळं म्हणणं उभं आहे. पहिला, खेड्यातलं भाषण. अमीन लोकांना सांगतो की अंगावर गणवेश जनरलचा असला तरी मी तुमच्यासारखाच साधा माणूस आहे. बायाबापड्या नाचतात, गॅरिगनचाही चेहरा खुलतो. मग रस्त्यावरचा प्रसंग. अमीनची गाडी गायीला धडकलेली, त्याचा हात दुखावलेला. गॅरिगन पट्टी बांधतोय आणि बाजूला गाय हंबरतेय. ती तडफड असह्य होऊन हा पोरगा अमीनचंच पिस्तूल उचलतो आणि गायीला गोळी घालतो. क्षणात सगळ्या सैनिकांच्या बंदुका त्याच्यावर. अमीनची नजर थंड. आणि मग कळतं की हा इंग्लिश नाही, स्कॉटिश आहे. अमीनचा चेहराच पालटतो. तो आपला लष्करी शर्ट काढून देतो आणि गॅरिगनचा स्कॉटलंडचा टी-शर्ट मागून घेतो.

त्या क्षणी आमच्या क्लबहाऊसमध्ये सगळे हसले. मोकळेपणानं, प्रेमानं हसले. तासाभरानं त्याच माणसाच्या हुकुमानं काय काय झालं ते बघताना कुणाचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. पहिल्या भागात हसलो नसतो तर दुसऱ्या भागात आपल्याला काही लागलंच नसतं, असं मला मनापासून वाटतं. सुरुवातीपासून दात विचकणारा खलनायक दाखवला की प्रेक्षक निर्धास्त होतो. असा माणूस आला तर आपण लगेच ओळखू, असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात कंपालामधले लोक १९७१ साली रस्त्यावर नाचत होते.

तुमचं काय मत?

---

फिरता रंगमंच

पूर्ण सहमत. आणि यात व्हिटाकरच्या कामाचा वाटा निम्म्याहून जास्त आहे. मी हौशी रंगभूमीवर वीस-पंचवीस वर्षं काढली, गडकरी रंगायतनच्या विंगेत उभं राहून मोठमोठे नट जवळून पाहिले. खलनायक करणारा नट बहुतेक वेळा ‘आता मी भडकणार आहे’ हे आधी शरीरानं सांगून टाकतो. खांदे उचलले जातात, आवाज खाली जातो. व्हिटाकर तसं काहीच करत नाही. वाक्याच्या सुरुवातीला तो हसतोय, शेवटाला समोरच्याची बोबडी वळलेली असते, आणि बदल नेमका कुठे झाला ते दुसऱ्यांदा बघतानाही सापडत नाही. या भूमिकेसाठी तो स्वाहिली शिकला, अकॉर्डियन शिकला, युगांडात जाऊन अमीनच्या नातेवाइकांना भेटला. खरा अमीनही अकॉर्डियन वाजवायचा.

माझ्या लेखी सगळ्यात मोठा प्रसंग रक्तपाताचा नाही. रात्री गॅरिगनला तातडीनं बोलावतात, अमीन विषबाधेच्या भीतीनं गडाबडा लोळतोय, रडतोय. निघतं काय, तर पोटात गॅस धरलेला. डॉक्टर पोट दाबतो आणि मोकळं करतो. प्रेक्षक हसतात. पण त्या प्रसंगात गॅरिगनला कळतं की देशाचा मालक आपल्यासमोर लहान मुलासारखा उघडा पडलाय, आणि त्याला त्याचा अभिमान वाटतो. गॅरिगन झालेल्या जेम्स मॅकअ‍ॅव्हॉयचा चेहरा बघा तिथे. तिथून तो अमीनचा झाला. पुढची मर्सिडीज, बंगला, पार्ट्या हे सगळं नंतरचं.

आणि ते वाक्य! युगांडात स्थायिक झालेल्या आशियाई, म्हणजे मुख्यतः भारतीय वंशाच्या लोकांना देशाबाहेर हाकलल्यावर जगभर नाचक्की झाली, तेव्हा अमीन गॅरिगनवरच उखडतो की तू मला अडवायला हवं होतंस. गॅरिगन म्हणतो, मी सांगितलं होतं. त्यावर अमीनचं उत्तर असं, की सांगितलंस, पण मला पटवलं नाहीस. इतका अन्यायी आणि इतका अचूक युक्तिवाद मी दुसऱ्या कुठल्या संहितेत पाहिलेला नाही. दोष कायम समोरच्याकडे ढकलायचा, आणि समोरच्यालाही क्षणभर तो खरा वाटला पाहिजे.

---

ऐरोलीकर

अभिनयाबद्दल दुमत नाही. पण मला हा सिनेमा अर्धाच प्रामाणिक वाटतो, आणि ते इथे कुणीतरी बोललं पाहिजे.

युगांडाची गोष्ट सांगायला एक गोरा पोरगा लागतो. बरं, हा गॅरिगन खरा नाही. सिनेमा बघून आलेले कित्येक जण त्याला खरा समजतात, कारण जाहिरातीत सत्य घटनांचा उल्लेख असतो. हे पात्र कल्पनेतलं आहे. त्यात बॉब अ‍ॅस्टल्स नावाच्या माणसाची थोडीफार छाया आहे. हा ब्रिटिश लष्करातला माजी सैनिक पुढे अमीनचा सल्लागार झाला आणि अमीन पडल्यावर युगांडाच्या तुरुंगात गेला. पण अ‍ॅस्टल्स काही कोवळा डॉक्टर नव्हता. तो मुरलेला माणूस होता.

त्याहून मला खुपतं ते के अमीनचं प्रकरण. सिनेमात अमीनची ही बायको गॅरिगनच्या प्रेमात पडते आणि तिचा भयंकर शेवट होतो. खऱ्या के अमीनचा मृत्यू १९७४ चा. तिचा मृतदेह तुकडे केलेल्या अवस्थेत एका गाडीच्या डिकीत सापडला, आणि ज्या डॉक्टरशी तिचा संबंध होता असं मानतात तो युगांडाचाच होता. म्हणजे त्या शोकांतिकेतला स्थानिक माणूस पुसून तिथे स्कॉटिश माणूस बसवला. तिचं मरण त्याच्या पश्चात्तापाचं साधन झालं.

शेवटी डॉ. जुंजू, इस्पितळातला युगांडाचा डॉक्टर. स्वतःचा जीव धोक्यात घालून तो गॅरिगनला विमानात बसवतो आणि म्हणतो, जगाला सांग, तू गोरा आहेस म्हणून ते तुझं ऐकतील. आणि मग मारला जातो. हे वाक्य म्हणजे दिग्दर्शकानं आपल्याच सिनेमाची दिलेली कबुली आहे. पण कबुली दिली म्हणून काम संपत नाही. जुंजूचं घर कुठे, त्याच्या घरी कोण, तो इतकी वर्षं त्या इस्पितळात कसा तगला? तो सिनेमा मला बघायचा होता.

---

वाघबीळ नाका

ऐरोलीकर, के अमीनबद्दलचं तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. त्याचं समर्थन होऊच शकत नाही.

गॅरिगनच्या नजरेबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. जुंजू आधीपासून शहाणा आहे. त्याच्या डोळ्यांनी बघितलं असतं तर प्रेक्षकही पहिल्या मिनिटापासून शहाणा झाला असता. सिनेमाला असा माणूस हवा होता, ज्याला सत्तेच्या जवळ बसायला आवडतं, आणि जो स्वतःला चांगला समजतो. आठवा, एका बैठकीत आरोग्यमंत्री परक्या माणसाशी बोलताना दिसतो आणि गॅरिगन सहज जाऊन अमीनच्या कानावर घालतो. मंत्री गायब होतो. गॅरिगननं कुणाला मारलं नाही, फक्त एक चुगली केली. कॉर्पोरेट हपिसांत, संस्थांत, पक्षांत अशा चुगल्या रोज होतात, तिथे माणसं मरत नाहीत एवढाच फरक. म्हणून मला तो आपला प्रतिनिधी वाटतो, गोरा असो की काळा.

---

नौपाड्याची सून

बरेच दिवस वाचनमात्र होते, पण या धाग्यावर लिहिणं भाग आहे. माझं सासर कच्छी. सासूबाईंचा जन्म जिंजाचा, म्हणजे व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल निघते त्या गावचा. १९७२ साली त्या तेरा वर्षांच्या होत्या. त्यांच्याबरोबर बसून हा सिनेमा बघितला, मधे मधे थांबवत.

वर कंपालामधल्या नाचाबद्दल लिहिलंय, त्यात भर घालते. त्यांच्या घरीही पेढे वाटले होते. ओबोटेंनी १९७० मध्ये मोठ्या कंपन्यांतला साठ टक्के हिस्सा सरकारकडे घ्यायचं जाहीर केलं होतं, त्यामुळे व्यापारी हवालदिल होते. नवा जनरल उंचापुरा, हसतमुख, सगळ्यांशी बोलणारा, मुष्टियुद्धातला माजी विजेता. त्यानं राजकीय कैदी सोडले, परदेशात मरण पावलेल्या, युगांडातल्याच बुगांडा राज्याच्या राजाचा मृतदेह मायदेशी आणून सन्मानानं दफन करवला. सासूबाईंचे वडील म्हणायचे, माणूस शिकलेला नाही पण मनाचा मोठा आहे. वडिलांच्या तोंडून ऐकलेलं हे वाक्य सासूबाईंना आजही पाठ आहे.

ऑगस्ट १९७२ मध्ये आशियाई लोकांना देश सोडायला नव्वद दिवसांची मुदत आली. देवानं स्वप्नात येऊन सांगितलं, असं अमीननं जाहीर केलं. सुरुवातीला कुणाचाच विश्वास बसेना. लोक म्हणायचे, हा असं बोलतो, चार दिवसांनी विसरेल. इतके विनोद करणारा माणूस हे खरंच करेल असं वाटलं नाही! मग कागदपत्रांच्या रांगा लागल्या. ज्यांनी युगांडाचं नागरिकत्व घेतलं होतं त्यांचेही कागद फेटाळले गेले. माणशी जेमतेम पन्नास पौंडांच्या आसपास रक्कम आणि हातात मावेल तेवढं सामान. दुकान जसं होतं तसं सोडलं. तागे फळीवर, वहीत उधारी. सासूबाईंच्या आईनं निघायच्या सकाळी घर झाडून काढलं, देव्हाऱ्यातले देव पदरात बांधले आणि घरकामाला असलेल्या बाईच्या हातात किल्ल्या दिल्या. कंपालाहून मोंबासाला जाणाऱ्या गाडीत सैनिकांनी वाटेत पेट्या उचकटल्या, बायकांच्या हातातल्या बांगड्या उतरवून घेतल्या. मोंबासाहून बोटीनं मुंबई. तिथून ठाण्यात चुलत्यांकडे, नौपाड्यातल्या दोन खोल्यांत, तेरा माणसं.

सिनेमात हे सगळं काही मिनिटांत आटोपतं. सासूबाईंना त्याचा राग आला नाही. त्या म्हणाल्या, ‘तो माणूस हुबेहूब आहे. आम्हीही त्याच्यावर असेच हसलो होतो.’

---

जुना वाचक

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

मी त्या वर्षी कॉलेजात होतो. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात रोज संध्याकाळी वर्तमानपत्रं वाचायला जायचो, तिथे पहिल्यांदा ‘इदी अमीन’ हे नाव वाचलं. भारत सरकारची भूमिका अशी होती की ज्यांच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे ती ब्रिटनची जबाबदारी. ब्रिटनमध्येही मोठा विरोध होता. लेस्टरच्या नगरपालिकेनं युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली की आमच्या शहरात येऊ नका, जागा नाही. तरी पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी जबाबदारी नाकारली नाही, आणि सुमारे २८ हजार लोक ब्रिटनमध्ये गेले. सुमारे सहा हजार कॅनडात. ज्या लेस्टरनं नको म्हटलं तिथेच त्यातले हजारो लोक स्थिरावले.

पण मला मुद्दा मांडायचाय तो वेगळा. अमीन आकाशातून पडला नव्हता. १९४६ मध्ये तो ब्रिटिशांच्या ‘किंग्ज आफ्रिकन रायफल्स’मध्ये दाखल झाला आणि त्यांनीच त्याला वर चढवलं. सत्ता घेतली तेव्हा लंडननं लगबगीनं मान्यता दिली, कारण ओबोटे त्यांना गैरसोयीचे झाले होते. इस्रायलचेही त्याच्याशी उत्तम संबंध होते. सिनेमात ब्रिटिश वकिलातीचा तो स्टोन नावाचा अधिकारी याचसाठी आहे. सुरुवातीला त्याच्या तोंडी अमीनचं कौतुक आहे, नंतर तोच गॅरिगनला अमीनचा काटा काढायला सुचवतो.

मराठी माणसाला हे नव्यानं समजावायला नको. ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आलं तेही १९७२ च्या डिसेंबरातच. घाशीरामाला कोतवाली दिली ती नानानं. आपल्या सोयीसाठी राक्षस पोसायचा आणि डोईजड झाला की हात झटकायचे.

---

फिरता रंगमंच

काका, तुलना चपखल आहे, पण एका जागी अडते. घाशीरामाला शेवटी जमावाच्या हवाली केलं गेलं. अमीनच्या बाबतीत तसं कुठे झालं? ऑक्टोबर १९७८ मध्ये त्याच्या सैन्यानं टांझानियाच्या कागेरा भागात घुसखोरी केली. टांझानियाचे अध्यक्ष न्येरेरे यांनी उलटा हल्ला केला, आणि एप्रिल १९७९ मध्ये टांझानियाचं सैन्य युगांडाच्या निर्वासित लढवय्यांसह कंपालात शिरलं. अमीन लिबियामार्गे सौदी अरेबियात गेला आणि २००३ मध्ये जेद्दाच्या इस्पितळात वारला. ना खटला, ना शिक्षा. तीन लाख माणसांचे बळी असा आकडा सर्रास दिला जातो, काहींचे अंदाज त्याहून कमी, काहींचे जास्त. त्यातल्या एकाच्याही घरच्यांना त्याला कोर्टात उभं केलेलं बघायला मिळालं नाही. सिनेमाच्या शेवटच्या पाट्यांवर या गोष्टी येतात आणि खऱ्या अमीनची चित्रफीत दिसते. मला तिथे संताप आवरत नाही.

---

ऐरोलीकर

नौपाड्याची सून, तुमच्या सासूबाईंचं दुःख खरं आहे आणि मी पुढे जे लिहितोय त्यानं ते कमी होत नाही. पण अमीन आवडला कशामुळे, याचं उत्तर फक्त विनोद आणि बॉक्सिंगमध्ये शोधलं तर चुकेल.

ब्रिटिशांनी युगांडात उतरंड रचली होती. वर गोरे, मधे आशियाई, खाली आफ्रिकी. रेल्वे बांधायला १८९६ पासून हिंदुस्थानातून तीसेक हजार मजूर नेले. त्यातले बहुतेक परत आले, अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. त्यांच्या मागोमाग कच्छ-काठियावाडचे व्यापारी आले. पुढे कापसाच्या जिनिंग गिरण्या, साखर, घाऊक बाजार, खेड्यापाड्यातली दुकानं हे सगळं मुख्यतः त्यांच्या हाती राहिलं. आफ्रिकी शेतकऱ्याला कापूस विकायलाही तेच आणि मीठ घ्यायलाही तेच. राग साचलेला होता. त्यामागे काही खरी कारणंही होती. अमीननं त्या रागाला आपला आवाज दिला. तुमचा पैसा तुम्हाला परत देतो, असं सांगितलं. ऐकणाऱ्याला ते न्यायाचं वाटलं.

मग प्रत्यक्षात काय झालं? दुकानं वाटली गेली लष्करातल्या मर्जीतल्या लोकांना. त्यांनी आहे तो माल विकून टाकला, नवा कुठून आणायचा ते माहीत नाही. साखरेचे कारखाने बंद पडले, साखर-मिठासाठी रांगा लागल्या. ज्या आफ्रिकी माणसाच्या नावानं हे केलं, तोच नागवला गेला. आणि बोलणारे एकेक करून संपवले. सरन्यायाधीश बेनेडिक्टो किवानुका यांना सप्टेंबर १९७२ मध्ये कोर्टाच्या इमारतीतून उचलून नेलं. आर्चबिशप जनानी लुवूम यांना फेब्रुवारी १९७७ मध्ये मारलं. या दोघांबद्दल सिनेमात काही नाही. माझी मूळ तक्रार हीच. अमीनचं गारूड दाखवताना त्याला नाही म्हणणारे युगांडाचे लोकही दाखवायला हवे होते. तेही त्याच भाषणांना गेले होते आणि त्यांनी वेळेवर ओळखलं.

---

वाघबीळ नाका

या प्रतिसादाला सलाम. किवानुकांचं नाव मी आज पहिल्यांदा वाचलं. सिनेमात असा एक जरी माणूस ठळक असता, तर क्लबहाऊसमधल्या वादाला उत्तर तिथल्या तिथे मिळालं असतं.

ज्यांना खरा अमीन बघायचाय त्यांनी बार्बे श्रोडर यांचा १९७४ चा माहितीपट जरूर बघावा. अमीननं स्वतः हौसेनं त्यात काम केलंय, म्हणजे कॅमेऱ्यासमोर काय दाखवायचं ते बरंचसं तोच ठरवतो. नावेतून जाताना हत्तींना, मगरींना हाका मारतो. अकॉर्डियन वाजवतो. त्यात मंत्रिमंडळाची एक बैठक आहे. मंत्री शाळेतल्या मुलांसारखे खाली मान घालून टिपणं काढतायत, अमीन हसत हसत दम देतोय. परराष्ट्रमंत्री मायकेल ओंडोगा यांच्यावर तो घसरतो. निवेदनात कळतं की त्यानंतर थोड्याच दिवसांत ओंडोगांचा मृतदेह नाईलमध्ये सापडला. बैठकीचा तो भाग मी परत लावून फक्त इतर मंत्र्यांचे चेहरे बघितले. सगळे लिहितायत. कुणी वर बघत नाही.

माहितीपट बाहेर आल्यावर अमीनला काही भाग कापून हवे होते. श्रोडर ऐकेनात, तेव्हा त्यानं युगांडातल्या फ्रेंच नागरिकांना हॉटेलात डांबलं आणि कात्री लावून घेतली. तो पडल्यावर ते भाग परत जोडले गेले.

---

नेरुळची आई

धागा अप्रतिम चाललाय, वाचनखूण साठवली आहे. एक व्यावहारिक प्रश्न. मुलगा दहावीत आहे. इतिहासाच्या पुस्तकात हुकूमशाही येते ती तारखांपुरती, आणि फोनवर त्याला अशा नेत्यांच्या दहा-दहा सेकंदांच्या चित्रफिती येतात, ज्यात ते फार ‘भारी’ दिसतात. परवा अमीनचीच एक आली, गोरे व्यापारी त्याला पालखीसारखं खांद्यावर वाहून नेतायत. मुलगा म्हणाला, कसला भारी माणूस! गोऱ्यांना वाकवलं! मला काय बोलावं सुचेना, कारण ते दृश्य बघून क्षणभर मलाही बरं वाटलं होतं. त्याला हा सिनेमा दाखवू का?

---

ऐरोलीकर

ताई, ती पालखी १९७५ ची, आणि ती खरी आहे. मुलाला जे वाटलं ते तेव्हा आफ्रिकेतल्या असंख्य लोकांनाही वाटलं होतं. ‘ब्रिटिश साम्राज्याचा विजेता’ अशी पदवीच त्यानं लावून घेतली होती. मुलाला रागावू नका. फक्त विचारा, की ज्या वर्षी त्यानं चार गोऱ्यांच्या खांद्यावर बसून मिरवलं त्या वर्षी युगांडातल्या किती काळ्या माणसांना तो नकासेरोच्या तळघरात मारत होता? ‘स्टेट रिसर्च ब्युरो’ नावाच्या त्याच्या गुप्त पोलिसांचं ते मुख्यालय. वाकवलं कुणाला आणि मारलं कुणाला, हे दोन्ही एकत्र समोर आलं की मुलं स्वतः विचार करतात.

---

फिरता रंगमंच

दाखवा, पण सोबत बसून. दोन जागा फार जड आहेत. केच्या मृतदेहाचा प्रसंग, आणि शेवटी एन्टेबे विमानतळावर गॅरिगनला छळतात तो. दोन्ही ठिकाणी पुढे ढकललंत तरी गोष्ट समजते. प्रणयदृश्यंही आहेत, त्याची कल्पना असू द्या. एन्टेबेचा संदर्भ मात्र आधी सांगा, नाहीतर शेवट डोक्यावरून जाईल : जून १९७६ मध्ये एअर फ्रान्सचं विमान अपहरण करून तिथे आणलं, इस्रायली सोडून बहुतेक प्रवाशांना आधी सोडून दिलं, आणि ४ जुलैच्या पहाटेपर्यंत इस्रायली कमांडोंनी उरलेल्यांची सुटका केली. सिनेमात गॅरिगन त्या सोडलेल्या प्रवाशांत मिसळून निसटतो.

---

जुना वाचक

नेरुळच्या ताईंना अनुमोदन, दाखवाच. माझ्या नातवालाही दाखवणार आहे. सूनबाई (नौपाडा), एक विचारू का? तुमच्या सासरचं कुणी परत गेलं का तिकडे? राष्ट्राध्यक्ष मुसेवेनींच्या काळात मालमत्ता परत करायला सुरुवात झाली असं वाचलं होतं.

---

नौपाड्याची सून

हो काका. नव्वदच्या दशकात मामेसासरे लेस्टरहून गेले होते. जिंजाच्या मुख्य रस्त्यावरच्या इमारतींवर अजून बांधणाऱ्यांची नावं आणि सालं कोरलेली आहेत, त्यामुळे घर लगेच सापडलं. तीन कुटुंबं राहत होती. कागदपत्रं लावून ताबा मिळाला, मग ते विकलं आणि भावंडांत वाटणी झाली. ज्या बाईंकडे किल्ल्या दिल्या होत्या त्यांची खूप चौकशी केली, थांगपत्ता लागला नाही. सासूबाई स्वतः गेल्या नाहीत. सिनेमाचं बरंच चित्रण युगांडातच झालंय म्हणून त्या रस्तेच बघत होत्या.

वाघबीळ नाका, तुमच्या सोसायटीत परत लावणार असाल तर त्या येऊन बोलायला तयार आहेत. कालच म्हणाल्या. अट एकच, पहिला अर्धा भाग कापायचा नाही. लोक हसले पाहिजेत, मग मी बोलेन, असं त्यांचं म्हणणं. रविवार सकाळ अकरानंतर चालेल. गुडघ्यांचा त्रास आहे, तेव्हा क्लबहाऊस तळमजल्यावर आहे ना ते कळवा.

---

वाघबीळ नाका

तळमजल्यावरच आहे, गाडी अगदी दारापर्यंत येते. समितीशी आजच बोलतो. नेरुळची आई, मुलाला घेऊन या. ऐरोलीकर, तुम्हीही या आणि किवानुकांबद्दल दहा मिनिटं बोला, सिनेमाच्या आधी.